बिनचमकेची गोळी

पार्नू गावात नदीकाठच्या मिठाईच्या कारखान्यात आल्वीने ओयासो नावाची बाई सव्वीस वर्षं तांब्याच्या फिरत्या कढईसमोर उभी होती, आणि या सव्वीस वर्षांत तिच्या कढईतून एकही निस्तेज गोळी बाहेर पडली नव्हती. हे ती स्वतःच सांगायची. दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसण्याइतका धीर तिच्या अंगात नव्हता.

काम म्हटलं तर सोपं. कढई तिरकी फिरत राहते, आत शहाजिरे नाहीतर बदाम गडगडत राहतात, वरून पळीपळीने पाक आणि मुठीमुठीने पिठीसाखर घालायची. संक्रांतीचा हलवा करतात तसंच, फक्त काटा आणायच्या ऐवजी काटा मोडायचा. पाक किती गरम, कढई किती ऊन, हे आल्वीने कोपराने बघायची. उजवी बाही वर, कोपर कढईत, डोळे मिटलेले, आणि मग निकाल: "थांबा", नाहीतर "ओता".

मुख्य तंत्रज्ञ एवाल्ड पार्टेल यांना हे कोपर बारा वर्षं डोळ्यांत खुपत होतं. राजधानीतून पदवी घेऊन आल्या आल्या त्यांनी प्रत्येक कढईला सुतळीने एकेक थर्मामीटर बांधला. दुसऱ्याच दिवशी आल्वीनेने आपला थर्मामीटर चहाच्या पेल्यात बुडवून ठेवला. पार्टेलसाहेबांनी नव्वद अंशांची नोंद केली, तातडीची सभा बोलावली, आणि सभेत सगळ्यांसमोर आल्वीनेने तोच चहा शांतपणे पिऊन टाकला. तेव्हापासून तिच्या थर्मामीटरवर ओले हातमोजे वाळत घातलेले असायचे.

आता चमकेचं. गोळी गुळगुळीत झाली की कारखान्याच्या पुस्तकाप्रमाणे काम संपलं, पुस्तकात लिहिलंच होतं, "गोळ्या गुळगुळीत झाल्यावर काढाव्यात." पण गुळगुळीत गोळी म्हणजे चकाकणारी गोळी नव्हे. चमक आणायला आल्वीनेच्या एप्रनच्या खिशात एक पत्र्याची डबी असे, डबीत तिच्या भावाच्या पोळ्यांचं मेण. चिमूटभर मेण कढईत टाकायचं, गरम हवेची झडप उघडायची, आणि पंचवीस मिनिटं कढईला आपल्या लयीत फिरू द्यायचं. मग गोळीत बघून टोपी सरळ करता यायची. प्रत्येक कढईवालीची चमक आणायची आपापली तऱ्हा होती आणि ती कुठे लिहिलेली नव्हती, कारण त्यांच्या लेखी ते काम नव्हतंच. पोराला शाळेत धाडताना आई त्याचं नाक पुसते, ते काय वेळापत्रकात असतं?

अशा या कारखान्यात एका जानेवारीत डॉक्टर विर्वे लुइगा आल्या. तिशीच्या, उंच, नाकाचा शेंडा थंडीने लाल, आणि बरोबर बर्फात पुरलेली एक पोलादी बाटली. ती बाटली त्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तान्हं मूल घेऊन बसावं तशा. संचालकांनी त्यांना थेट आल्वीनेपुढे आणून उभं केलं.

"यात पोलिओची लस आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मला ती गोळीत घालून हवीय."

"म्हणजे पोलिओच साखरेत घोळवून पोरांना चारायचा म्हणताय?"

"दात काढलेला पोलिओ. तो पोटात जातो, काही बिघडवत नाही, आणि खरा आला तर त्याला कसं ओळखायचं ते शरीराला शिकवून जातो."

"आणि हा बोळका जिवंत लागतो?"

"जिवंतच लागतो. मेला तर नुसती साखर."

"बरं," आल्वीने म्हणाली, "मेला तर आमचा माल, जिवंत राहिला तर तुमचा."

डॉक्टरांना हसू आलं, आणि कारखान्यात त्यांचं बस्तान तिथेच बसलं. लस तयार होती, थेंबांनी पाजताही येत होती. पण थेंब म्हणजे बर्फ, मोजायची नळी, आणि दर तिसरं पोर फुर्रकन थुंकून अर्ध्या लसीचा अभिषेक डॉक्टरांच्या कोटावर करणार. बर्फ वितळला की लस गेली. वाऱ्याच्या मर्जीने होडी सुटते त्या बेटांवर हे न्यायचं कसं? गोळीत मात्र ती तळघरातल्या गारव्यावर पंधरा दिवस तगेल असा डॉक्टरांचा हिशेब होता, आणि गोळी थुंकणारं पोर अजून जन्माला यायचं होतं. राजधानीतल्या समितीचा यावर विश्वास नव्हता. तिने तीन घाण्यांपुरती लस दिली होती. तीन घाण्यांत गोळीतली लस जिवंत निघाली तर ठीक, नाहीतर हा नाद सोडून थेंबच वाटायचे, जमेल तिथे.

जमेल तिथे म्हणजे कुठे नाही, हे आल्वीनेला कुणी समजावायची गरज नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी रोसी किह्नू बेटावर होती. रोसीच्या थोरल्या अन्नीला आदल्या ऑगस्टमध्ये चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी डावा पाय तिचं ऐकेना. आता आठ वर्षांची अन्नी गुडघ्यापासून खाली लोखंडी पट्ट्या बांधून चालायची. धाकटी लीस तीन वर्षांची, दोन्ही पायांनी धडधाकट, दिवसभर मेंढ्यांच्या मागे. आल्वीने या विषयावर कारखान्यात एक शब्द काढत नसे. एरवी ती सगळ्याच विषयांवर बोलायची, त्यामुळे ती कशावर बोलत नाही हे सगळ्यांच्या लगेच ध्यानात आलं होतं. पुढचा ऑगस्ट यायच्या आत लीसच्या तोंडात ती गोळी पडायला हवी होती. बाकी सगळं तिच्या दृष्टीने दुय्यम होतं, चमक सोडून.

पहिला घाणा सुरू झाला. पिठीसाखर, स्टार्च आणि जरासं लोणी थंडच मळायचं, त्यात लस कालवायची, बारीक तुकडे करून कढईत सोडायचे आणि गार पाकाचे पातळ थर द्यायचे. कढई तीस अंशांच्या वर जाता कामा नये. डॉक्टर थर्मामीटर धरून बसल्या. आल्वीने कोपर घालून बसली. दोघींचं एकमत होत होतं, याचं पार्टेलसाहेबांना वाईट वाटलं.

गोळ्या झाल्या. गोल होत्या, गुळगुळीत होत्या, आणि दिसायला चुन्याच्या खड्यासारख्या होत्या. आल्वीने त्यांच्याकडे बघत राहिली. कुणीतरी आपल्याला अंगभर मळके कपडे घालून चौकात उभं केलंय असं तिला वाटलं. डॉक्टर बर्फ आणायला बर्फघराकडे गेल्या होत्या. आल्वीनेने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. चोरी करताना माणूस बघतो, नाक पुसताना कशाला बघेल? चिमूटभर मेण, झडप, पंचवीस मिनिटं.

डॉक्टर परत आल्या तर ताटात मोती. "अरे वा. सुकल्यावर चमक येते वाटतं यांना?"

"येते," आल्वीने म्हणाली. "हात चांगला असला तर येते."

गोळ्या राजधानीला गेल्या. डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांमध्ये जिवंत पेशी वाढवलेल्या असत आणि तिथली रीत जगावेगळी होती. गोळी पाण्यात विरघळवून ते पाणी पेशींवर घालायचं. पेशी मेल्या तर लस जिवंत, आणि सगळ्यांनी आनंद करायचा. आल्वीनेच्या गोळीचं पाणी पिऊन पेशी आठवडाभरात अशा धष्टपुष्ट झाल्या की डॉक्टरांना रडू आलं.

पार्टेलसाहेबांनी स्टार्चवर संशय घेतला. बटाट्याचा गेला, मक्याचा आला. लोणी कमी केलं. खिडक्या उघड्या टाकून दुसरा घाणा काढला. सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या, आल्वीनेने कोपराला लोकरी मोजा चढवला होता आणि थर्मामीटर अठ्ठावीसच्या वर सरकला नाही. नंतर संचालकांनी डॉक्टरांना कॉफीला बोलावलं. कॉफी खरी होती, चिकोरीची नव्हती, म्हणून डॉक्टर अर्धा तास बसल्या. आल्यावर पुन्हा ताटात मोती, आणि आठवड्याने पुन्हा पेशी धष्टपुष्ट.

आता डॉक्टर मुक्कामालाच आल्या. कागद, दौत घेऊन आल्वीनेसमोर बसल्या. "मावशी, तुम्ही काय काय करता ते पहिल्यापासून सांगा. काहीही सोडू नका. क्षुल्लक वाटलं तरी."

"सकाळी आल्यावर मी कढईला 'ऊठ गं बाई' म्हणते."

डॉक्टरांनी तेही लिहिलं. एक: कढईला उठवणे. मग मळणं, कालवणं, तुकडे, पाक, साखर, विसावा, पुन्हा पाक, अशा चौदा पायऱ्या झाल्या. आल्वीनेने मनापासून आठवून आठवून सांगितल्या. मधे आपण शिंकलो होतो तेसुद्धा सांगितलं. बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला सांगितलं असतं तर तिने घेतली असती, त्या दिवसांत सरकारला देव चालत नसे आणि बायबल कुठे दिसत नव्हतं म्हणून राहिलं. खाली पार्टेलसाहेबांनी सही केली. चमक त्या यादीत नव्हती. पायऱ्या विचारल्या होत्या, पायऱ्या सांगितल्या.

डॉक्टरांनी यादी तीनदा वाचली आणि घडी घातली. "यात काहीच चुकीचं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे गोळीच चुकीची. मंगळवारी मी परत जाते. तिसऱ्या घाण्याची लस समिती परत मागतेय. कारण सापडल्याशिवाय ती वाया घालवायची नाही असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर आहे."

आल्वीनेला त्या दिवशी कुणाची चेष्टा करावीशी वाटली नाही. घरी जाताना पुलावर ती थांबली आणि तिला सरळ रडू फुटलं. सव्वीस वर्षांत आपल्या हाताने काही बिघडलं नव्हतं, आणि बिघडलं ते नेमकं हे.

रविवारी रोसी आली. मार्चचे पहिले दिवस, समुद्र अजून गोठलेला. घसरगाडी घेऊन ती सरळ बर्फावरून आली, पट्ट्यापट्ट्यांचा घागरा, त्यावर मेंढीच्या कातड्याचा कोट, आणि टोपलीत धुरी दिलेले मासे. बेटावरच्या बायकांचा आवाज वाऱ्याशी भांडून भांडून मोठा झालेला असतो. रोसी जिन्यात बोलली की तिसऱ्या मजल्यावरचं मांजर उठायचं.

"मावशे, गोळ्या कदी येत्यात गं?"

आल्वीनेने उत्तर द्यायच्या ऐवजी क्रिंगल करायला घेतला. पाहुणी आली की वळसे घालून केलेली ही गोड रोटी हवीच, आणि हात कणकेत असले की माणसाला बोलावं लागत नाही. यीस्ट कुस्करलं, त्यावर ऊन दूध ओतलं, पीठ मळून शेगडीजवळ झाकून ठेवलं. एक तास झाला. दोन झाले. फडकं उचललं तर पीठ होतं तिथेच, होतं तेवढंच, खाली बसलेलं.

रोसीने बोटाने दाबून पाहिलं. "दूध किती गरम हुतं, मावशे?"

"हाताला बरं लागेल इतकं."

"कुनाच्या हाताला? तुज्या हाताला तर चुलीतला निखाराबी बरा लागंल."

"माझं कोपर आख्खा कारखाना मानतो."

"मानू दे की. कोपर कढईत घालून घालून शिजलंय तुजं. यीस्ट जितं असतंय, मावशे. भाजलंस तू त्याला. आता ह्ये पीठ कायबी कर, फुगायचं न्हाई."

आल्वीने खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांपुढे कारखान्यातली गरम हवेची झडप आली. तीस अंशांपर्यंत तिचं कोपर थर्मामीटरच्या बरोबरीने चालायचं. पण झडप उघडल्यावर तिथे ना कोपर असायचं ना थर्मामीटर, तिथे फक्त चमक असायची. मेण मऊ पडेल इतकी गरम हवा, पंचवीस मिनिटं. दोनदा.

"रोसी," ती म्हणाली, "मी त्यांना चमकवलं."

"कुनाला?"

आल्वीनेने सगळं सांगितलं. सांगताना तिला पहिल्यांदाच ते वाक्य ऐकू आलं, 'दिसायला बरी दिसेना म्हणून'. रोसी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने टोपलीतले मासे एकेक करून टेबलावर मांडले आणि मग बेटावरच्या बाईला शोभणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली, "आमाला चमकनारी नगं हुती गं."

सोमवारी सकाळी आल्वीने पार्टेलसाहेबांच्या खोलीत गेली. डॉक्टर तिथेच सामान बांधत होत्या. आल्वीनेने खिशातली पत्र्याची डबी काढून टेबलावर ठेवली आणि एका दमात म्हणाली, "पंधरावी पायरी. मेण, गरम हवा, पंचवीस मिनिटं. दोन्ही घाण्यांना केलं. तुमच्या मागे केलं, पण तुमच्यापासून लपवून नाही."

डॉक्टरांनी डबी उघडून वास घेतला. पार्टेलसाहेब मात्र पांढरे पडले. सरकारी लस, दोन घाणे, स्वतःच्या हाताने मारलेली. त्या काळात याला एक शब्द होता, घातपात, तो खोलीत कुणी उच्चारत नव्हतं, आणि त्या शब्दापायी माणसं फार लांब आणि फार थंड जागी गेलेली सगळ्यांनी पाहिली होती.

"ओयासोबाई," ते म्हणाले, "हे मेण कुठल्या भांडारातलं?"

"भावाच्या पोळ्यांचं."

"म्हणजे नोंदीत नसलेलं मेण. नोंदीत नसलेल्या पायरीसाठी. आणि यादीखाली सही माझी."

"वास नाही आला तुम्हाला इतक्या वर्षांत?"

"येतो ना. दर घाण्याला मधाचा वास येतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बारा वर्षं मी तो वास घेऊन गप्प बसतोय. वरच्यांना तुमच्याच गोळ्या नेऊन दाखवायच्या असतात मला. तुमच्या कोपराबद्दल तक्रारी लिहिल्या, पण वासाबद्दल कधी लिहिलं का?"

आल्वीनेने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. बारा वर्षं हा माणूस तिला जितका ठोंब्या वाटला होता तितका तो नव्हता. याचा तिला थोडा रागही आला.

डॉक्टर उठल्या, थर्मामीटर घेऊन कढईपाशी गेल्या, झडप उघडून हवेत धरला. चोपन्न. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा चोपन्न. मग त्या तिथल्याच उलट्या बादलीवर बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता इतक्या चिडल्या की बादली लाथाडून उभ्या राहिल्या. "दोन महिने," त्या म्हणाल्या. "दोन महिने मी स्टार्चवर वाचतेय, मावशी. मक्याचा स्टार्च. बटाट्याचा स्टार्च. झोपेत मला स्टार्च दिसतो."

"शिव्या द्या," आल्वीने म्हणाली. "मी ऐकून घेते. रोजच्या सवयीत नाही, पण घेते."

"शिव्या नंतर देईन. आधी लिहू द्या."

त्यांनी अहवालात लिहिलं: अपयशाचं कारण सापडलं, शेवटच्या गरम हवेने लस मरते, ती पायरी रद्द. पायरी कुणाची, मेण कुणाचं, यातलं काही लिहिलं नाही. पार्टेलसाहेबांनी न वाचता सही केली. आजवर त्यांनी इतक्या चपळाईने काही केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. समितीचं उत्तर दहा दिवसांनी आलं: शेवटचा घाणा घ्या.

तिसऱ्या घाण्याच्या दिवशी आल्वीनेने डबी घरी ठेवली होती. तरी गोळ्या तयार झाल्या तेव्हा तिचा हात आपसूक खिशाकडे गेला. पुन्हा गेला. शेवटी तिनेच डॉक्टरांना विनंती केली, "झडपेपुढे खुर्ची टाकून बसा. माझा भरवसा नाही मला."

डॉक्टर झडपेला पाठ लावून बसल्या. आल्वीने कढईभोवती घुटमळत राहिली.

"नुसत्या फडक्याने पुसल्या तर?"

"नाही."

"गार फडक्याने?"

"मावशी."

"एकच. नमुन्यादाखल एकच चमकवते, तुमच्या समितीला दाखवायला. काय होऊ शकलं असतं ते."

"ताट आणा," डॉक्टर म्हणाल्या.

ताट आलं. त्यावर आल्वीनेने स्वतःच्या डोक्याचा रुमाल टाकला होता. शेजारच्या कढईवालीने डोकावून विचारलं, हे काय, कुणाच्या हातचं? "नवीन पोरगी आलीय," आल्वीने म्हणाली, "शिकेल हळूहळू."

आठवड्याने राजधानीहून तार आली: "सगळ्या मेल्या. अभिनंदन. विर्वे." टपाल कचेरीतली बाई ती तार घेऊन स्वतः कारखान्यात आली, दोन्ही हातांनी दिली, आणि तुमच्या घरात किती माणसं होती असं डोळे भरून विचारलं. आल्वीनेने तार वाचली, त्या बाईच्या गालांचे मुके घेतले आणि कढईभोवती नाचायला लागली. पार्नूत पुढे बरेच दिवस तिच्याबद्दल भलतंसलतं बोललं जात होतं.

समितीने आणखी महिनाभर तपासून पाहिलं. डॉक्टरांनी गोळी स्वतः खाल्ली, पार्टेलसाहेबांनी खाल्ली, संचालकांनी फोटो काढायला माणूस आल्यावर खाल्ली. मेच्या शेवटी, समुद्र मोकळा झाल्यावर, किह्नूच्या होडीत नव्याने काढलेल्या ताज्या घाण्याच्या गोळ्यांचा डबा चढला. बर्फ नाही, बाटली नाही. नुसता लाकडी डबा, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. डॉक्टर होत्या, आणि रजा काढून आल्वीनेही होती. होडीतच तिने डॉक्टरांना बजावलं, "तिथे गेल्यावर या गोळ्या माझ्या आहेत म्हणून सांगायचं नाही."

"का?"

"मुलं मला ओळखतात. दर नाताळात मी त्यांना गोळ्या पाठवते. त्यांच्या मनात माझी काहीतरी किंमत आहे."

शाळेच्या अंगणात आया उभ्या होत्या, पुढे पोरांची रांग, चाळीसएक असतील. सगळ्यात पुढे लीस, कारण तिने दोघांना ढकललं होतं. आल्वीने मुद्दाम मागे, शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहिली, जणू आपला याच्याशी काही संबंध नाही.

डॉक्टरांनी चिमट्याने गोळी उचलून पुढे केली. लीसने ती बघितली. सगळ्या बाजूंनी बघितली. मग दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"ही जुनी हाय," ती म्हणाली.

"नवी आहे, बाळ. कारखान्यातून आलीय."

"कारखान्यातल्या आजीच्या चकाकत्यात. ही कुनीतरी चोखून टाकलीय."

मागच्या पोराने मान वाकडी करून बघितलं आणि रांगेतून एक पाऊल मागे घेतलं. त्याच्या मागच्याने दोन घेतली. चोखून टाकलीय ही बातमी रांगेच्या शेपटापर्यंत डॉक्टरांचं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत पोचली. आया दटावायला लागल्या, पोरं ओठ मिटून उभी राहिली. बेटावरची पोरं ओठ मिटायला लागली की पकडीने उघडत नाहीत. रोसीने मान वळवून भिंतीला टेकलेल्या मावशीकडे बघितलं, आणि बघतच राहिली.

आल्वीने भिंतीपासून निघाली. तेवढं अंगण ओलांडायला तिला फार वेळ लागला.

"चोखलेली नाही," ती म्हणाली. "मी केलीय."

लीसने तिच्याकडे संशयाने पाहिलं. "तू?"

"मी. या हातांनी. सगळ्या मीच केल्यात."

"मग अशी का?"

आल्वीनेने तोंड उघडलं. संचालकांना, पार्टेलसाहेबांना, समितीला तिच्याकडे उत्तरं होती. तीन वर्षांच्या पोरीसमोर मात्र ती खाली वाकली. तेवढ्यात रांगेच्या बाजूने खडखड आवाज आला. अन्नी मोठ्या मुलींमधून निघून लोखंडी पट्ट्या ओढत पुढे येत होती.

"मला पन हाय का?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"आहे. या रोगाचे तीन प्रकार, तीन भाऊच म्हण, तुझ्याकडे एकच येऊन गेलाय. ही बाकीच्या दोघांसाठी."

अन्नीने गोळी घेतली, तोंडात टाकली, आणि बहिणीकडे वळली. "खा गपचूप," ती म्हणाली. "मला गेल्या साली कुनी दिली असती ना, तर म्या दगडबी खाल्ला असता."

रोसीने घागऱ्याचं टोक डोळ्यांना लावलं. आल्वीनेने डॉक्टरांच्या हातातून चिमटा घेतला, डब्यातली एक गोळी उचलली आणि लीससमोर धरली.

लीसने बहिणीच्या पायाकडे पाहिलं, मग गोळीकडे, मग तोंड उघडलं. बराच वेळ गाल एकदा इकडे एकदा तिकडे फुगत राहिला. गोळी खरंच संपली का हे बघण्यासाठी डॉक्टरांचा प्रत्येकाला एकच हुकूम होता, जीभ बाहेर. लीसने डोळे मिटले आणि जमेल तितकी लांब जीभ बाहेर काढून मावशीआजीला दाखवली. जिभेवर काही उरलं नव्हतं.